खोटा आळ आला की गप्पच बसायचे का?

“तुमच्यावर खोटा आळ आला असेल तर एक शब्दही बोलू नका. स्वतःची बाजू मांडणे म्हणजे देवावर अविश्वास. शांत राहा, देव शत्रूंच्या देखत तुम्हाला दुप्पट देईल.” बायबलमधल्या निर्गम १४:१४ चा हवाला देऊन हा मजकूर सतत पुढे पाठवला जातो. न्यायासाठी देवावर भिस्त ठेवावी, एवढे त्यात खरे आहे. बाकीचे शास्त्राला धरून नाही.

आधी ते वचनच पाहू. मिसरातून निघालेल्या इस्राएलांच्या समोर समुद्र, मागे मिसरचा राजा फारो याचे रथ, आणि त्यांचा पुढारी मोशे लोकांना ‘परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, शांत राहा’ असे सांगतो. पण लगेच १५व्या वचनात देव मोशेला विचारतो की माझा धावा का करतोस, इस्राएलांना पुढे चालायला सांग. एक ओळ आणखी वाचली असती तरी पुरे होते. शिवाय तिथे प्रश्न सैन्याच्या भीतीचा आहे. आरोपाला उत्तर द्यावे की नाही, हा विषयच तिथे नाही.

“येशूही गप्प राहिला.” राजा हेरोदापुढे राहिला, रोमी सुभेदार पिलातापुढेही बहुतेक आरोपांवर राहिला. माजी महायाजक हन्ना याच्यापुढच्या चौकशीत मात्र त्याने, माझे बोलणे ज्यांनी ऐकले त्यांना विचारा, असे सांगितले. शिपायाने चपराक मारली तेव्हा, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस, असा सवाल केला (योहान १८:२०–२३). येशूचा शिष्य पेत्र ज्या वागण्याचा कित्ता घालून देतो ते हेच: निंदेला उलट निंदा नाही, धमकी नाही, आणि स्वतःला यथार्थ न्याय करणाऱ्याच्या हवाली करणे (१ पेत्र २:२३). खरे बोलू नये, असे पेत्र कुठेच म्हणत नाही.

प्रेषित पौलानेही फिलिप्पै शहरात, स्वतः रोमी नागरिक असूनही चौकशीविना फटके मारले गेल्यावर, गुपचूप निघून जायला नकार दिला. अधिकाऱ्यांना स्वतः यावे लागले (प्रेषितांची कृत्ये १६:३७–३९). पुढे त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. याला अविश्वास म्हणायचे का?

गोंधळाचे मूळ रोमकरांस १२:१९ मध्ये सापडते. तिथे देव स्वतःकडे ठेवतो तो सूड. साक्ष, पुरावा आणि दाद तो आपल्याकडून काढून घेत नाही. उलट पुढच्याच अध्यायात अधिकाऱ्याला वाईट करणाऱ्याला शिक्षा देणारा देवाचा सेवक म्हटले आहे. हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो १ शमुवेल २४ मध्ये. दावीद आपल्या जिवावर उठला आहे असे समजून राजा शौल त्याचा पाठलाग करत होता. एन-गेदीच्या गुहेत शौल हाती सापडला असताना दावीद त्याला मारत नाही, फक्त त्याच्या झग्याचा काठ कापून घेतो. बाहेर येऊन तो काठ दाखवतो, म्हणजे पुरावा मांडतो. ‘परमेश्वर तुझामाझा न्याय करो’ हे तो त्यानंतर म्हणतो. शौल रडतो, चूक कबूल करतो. तरी दावीद त्याच्याबरोबर परत जात नाही, गडावर जातो. आणि ते बरेच झाले, कारण २६व्या अध्यायात शौल ३००० माणसे घेऊन पुन्हा त्याच्या मागावर आहे. समोरच्याला माफ केले म्हणजे लगेच त्याच्या हाती पडायला हवे, असे नाही.

प्रार्थनेत हे कसे उतरवायचे, ते स्तोत्र ७ मध्ये क्रमाने सापडते. दावीद आधी आश्रय मागतो. मग वचन ३ ते ५ मध्ये स्वतःची झडती देतो: मी हे केले असेल तर शत्रू मला तुडवो. मगच न्याय मागतो. ही झडती गाळली की प्रार्थनेचा शाप व्हायला वेळ लागत नाही. उलट फक्त झडतीच घेत बसले की निर्दोष माणूस न केलेला गुन्हा स्वतःवर ओढून घेतो. यासाठी कागद घ्यावा. एका बाजूला काय घडले ते तारीख, शब्द आणि साक्षीदारांसह लिहावे. दुसऱ्या बाजूला समोरच्याच्या हेतूंबद्दलचे आपले तर्क. पहिली बाजू योग्य अधिकाऱ्यापुढे मांडता येते. दुसरी देवापुढेच ठेवावी, रागासकट. शत्रूला शाप देणाऱ्या स्तोत्र १०९ इतके कडवे शब्दही तिथे चालतात. मात्र ते शब्द त्या माणसाला पाठवू नयेत. तोच सूडाचा आरंभ.

“तुमच्यावर आले म्हणजे काही पाप असणारच” हे शेपूट कधीकधी त्या मजकुराला जोडलेले असते. निर्दोष असून सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र हेच म्हणत होते, आणि देवाने त्यांनाच चुकीचे ठरवले (ईयोब ४२:७).

राहिले ‘दुप्पट’. शेवटी देवाने ईयोबाला दुप्पट दिले: ७००० मेंढरे १४००० झाली, ३००० उंट ६००० झाले. मुले मात्र पुन्हा दहाच, आणि गेलेली परत आली नाहीत. आपल्यावर हे का आले, हेही त्याला कोणी सांगितले नाही. योसेफाला १७ व्या वर्षी त्याच्या भावांनी विकले आणि तो ३० व्या वर्षी फारोपुढे उभा राहिला. मधल्या काळात, मालक पोटीफरच्या बायकोच्या खोट्या आळामुळे तुरुंगात असताना, त्याने फारोच्या प्यालेबरदाराला (राजाला मद्याचा प्याला देणाऱ्या सेवकाला) ‘माझी गोष्ट फारोच्या कानावर घाल’ अशी विनंती केली, आणि प्यालेबरदार दोन वर्षे विसरला. तो आळ चारचौघांत खोटा ठरला, असे तर उत्पत्तीत कुठेही लिहिलेले नाही. इब्री ११ मध्ये विश्वासासाठी करवतीने चिरलेल्यांचीही आठवण आहे. त्यांचा निवाडा या जगात झालाच नाही. म्हणून नुकत्याच आळ आलेल्या माणसाला मुदतीचे आश्वासन देऊ नये. मुदत टळली की तो स्वतःच्या विश्वासालाच दोष देतो. त्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून तो कागद नीट लिहायला मदत करावी, आणि सुनावणीला सोबत जावे.