लाल रंगाच्या वस्त्या

वंशभेदाचा विषय निघाला की बोलणं लगेच माणसांच्या मनावर जातं. पूर्वग्रह, तिरस्कार, संस्कार. ते सगळं आहेच. पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गरिबीबद्दल वाचत गेले, तसं मला दिसू लागलं की त्यात कर्जाच्या कागदांचा वाटा केवढा मोठा आहे.

१९३० च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. कर्ज द्यायला सर्वांत सुरक्षित वस्ती हिरवी, धोक्याची लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळपास हमखास लाल. पुढे महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना घरासाठी, धंद्यासाठी, शेतीसाठी सरकारी हमीचं कर्ज देणारा १९४४ चा कायदा आला, पण कर्ज मंजूर करणार स्थानिक बँका. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांच्या पाहणीत अशी ३,२२९ कर्जं आढळली. त्यातली कृष्णवर्णीयांना मिळालेली किती? २. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

घर असलं की त्याची किंमत वाढते, ते तारण ठेवून मुलीची फी भरता येते, आजारपण निभतं, आणि पुढे ते मुलांच्या नावावर होतं. शिवाय तिथल्या शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो, म्हणजे वस्ती स्वस्त तर शाळाही गरीब. १९६८ च्या कायद्याने घर देण्या-घेण्यातला भेदभाव बेकायदा ठरला, पण मधली वर्षं कुणी परत दिली नाहीत. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (म्हणजे निम्म्यांकडे त्याहून जास्त, निम्म्यांकडे कमी) २,८५,००० डॉलर आहे, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,०००. "शिका, कष्ट करा" एवढ्याने ही दरी कशी भरेल?

मालमत्ता हिरावली असेल तर मालमत्ताच द्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे. इलिनॉयमधल्या इव्हॅन्स्टन शहराने २०२१ मध्ये अशा भेदभावाची झळ बसलेल्यांना व त्यांच्या वंशजांना घरासाठी २५,००० डॉलर द्यायचं ठरवलं. त्यावर २०२४ मध्ये कोर्टात दावा दाखल झाला. कनेक्टिकट राज्य जुलै २०२३ पासून गरीब घरात जन्मलेल्या बाळांच्या नावाने ३,२०० डॉलर गुंतवतं. इथे वंश विचारतच नाहीत, म्हणून ही वाट मला जास्त टिकाऊ वाटते. रक्कम मात्र वाढवायला हवी. आणि शाळेचा पैसा वस्तीतल्या घरांच्या किमतीपासून सोडवायलाच हवा. त्याला सर्वांत जास्त विरोध होतो तो चांगल्या शाळांच्या वस्त्यांतून, आणि तिथले बहुतेक पालक स्वतःला वंशवादी मुळीच मानत नाहीत.