‘जावास्क्रिप्टचं बेसिक सोडा, थेट रिअ‍ॅक्ट धरा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

निकाल लागले की हा मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा माझ्याकडे तो तीनदा आला. तिसऱ्यांदा भाचीने पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, हे खरं आहे का?” बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन आठवड्यांपूर्वी स्वतःहून जावास्क्रिप्ट, म्हणजे वेब पानांना हालचाल देणारी प्रोग्रामिंगची भाषा, शिकायला बसली होती, आणि मेसेज वाचून तिचा हात थांबला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मेसेजचा सारांश असा: जावास्क्रिप्ट ही दहा दिवसांत उरकलेली भाषा आहे. तिला साधी बेरीजही धड येत नाही. आधी जावा (दुसरी एक भाषा) करा, जावास्क्रिप्ट आपोआप येते. कंपन्यांना रिअ‍ॅक्ट (जावास्क्रिप्टवर उभं असलेलं तयार साधन) हवं असतं, बेसिक कोणी विचारत नाही. आणि कोड तर आता एआयच लिहितं. तेव्हा व्हेरिएबल, फंक्शन, इव्हेंट घोकत बसणं म्हणजे वेळ वाया.

दहा दिवसांपासून सुरुवात करू. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. मे १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. तेव्हा तिचं नाव मोका होतं, पुढे लाइव्हस्क्रिप्ट झालं आणि डिसेंबरात जावास्क्रिप्ट. पण आज आपण लिहितो ती भाषा त्या दहा दिवसांची नाही. १९९७मध्ये तिचं पहिलं अधिकृत मानक आलं, २०१५मध्ये मोठी डागडुजी झाली (‘लेट’, ‘कॉन्स्ट’, बाणाची फंक्शनं तेव्हाची) आणि तेव्हापासून दरवर्षी नवी आवृत्ती निघते. घाईच्या खुणा मात्र राहिल्या आहेत. ‘नल’चा (म्हणजे ‘काहीच नाही’ या किमतीचा) प्रकार विचारला तर भाषा ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे माहितीचा गठ्ठा, असं सांगते. ही चूक आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण दुरुस्त केली तर तिच्यावर विसंबलेली जुनी पानं मोडतील, म्हणून ती तशीच ठेवली आहे. तारखेत महिने शून्यापासून मोजतात, डिसेंबर अकरावा. ही खोड तर त्या वेळच्या जावाच्या तारखेवरून जशीच्या तशी उचललेली. आता मला सांगा, ज्या घरात असे उंबरे आहेत त्या घरात ते माहीत करून घेऊन वावरायचं, की घर वाईट म्हणून डोळे मिटून चालायचं?

बेरजेचा मुद्दा जरा निवांत बघू, कारण मेसेज लिहिणाऱ्याने इथे चुकीच्या जागी बोट ठेवलंय.

०.१ + ०.२ केलं की उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, हे खरं. (या लेखात अंक देवनागरीत आहेत. कोडमध्ये ते असेच लिहिलेत तर जावास्क्रिप्ट त्यांना अंक मानणारच नाही. त्याची गंमत पुढे येते.) पण हाच हिशेब पायथनमध्ये करा, जावात करा, तेच उत्तर येईल. दशांश संख्या साठवण्याची पद्धत १९८५च्या एका आंतरराष्ट्रीय मानकाने ठरली आणि बहुतेक भाषा तीच वापरतात. आपल्याला जसं एकतृतीयांश दशांशात नेमकं लिहिता येत नाही, ०.३३३ करत बसावं लागतं, तसं संगणकाला एकदशांश द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) नेमकं लिहिता येत नाही. उपाय साधा आहे: पैशांचा हिशेब रुपयांत न करता पैशांत करायचा, पूर्णांकात. दाखवताना शंभरने भागायचं.

खरी गोची वेगळीच आहे, आणि ती आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळात मी स्वतः करून ठेवली. वर्गणीसाठी छोटं पान केलं होतं. एका चौकटीत मागची शिल्लक, दुसऱ्यात यंदाची वर्गणी, खाली बेरीज. खजिनदार काकांनी ५०० आणि २५१ टाकले. उत्तर आलं ५००२५१. “पाच लाखांचं मंडळ झालं की हो आपलं!” म्हणून सगळे हसले. झालं असं की पानावरच्या चौकटीतून येणारी किंमत नेहमी मजकूर असते, आकडा नसतो. आणि अधिकचं चिन्ह दोन मजकुरांमध्ये आलं की जावास्क्रिप्ट बेरीज न करता ते एकमेकांना चिकटवते. वजाबाकीच्या चिन्हाला चिकटवणं माहीत नाही, म्हणून ते मुकाट्याने आकडे करून वजा करतं. म्हणजे वजाबाकी बरोबर आणि बेरीज चूक! ‘नंबर’ या फंक्शनमधून किंमत काढून घेतली की प्रश्न मिटतो.

मिटला असं मला वाटलं. मग काकांनी फोनवर मराठी कीबोर्डवरून ५०० लिहिलं आणि बेरजेच्या जागी ‘नॅन’ आलं, म्हणजे ‘हा आकडा नव्हे’. कारण ‘नंबर’ला फक्त इंग्रजी अंक कळतात. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत) इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, आपल्या शून्याचा २४०६, आपल्या नवाचा २४१५. प्रत्येक अक्षराचा क्रमांक काढायचा, तो २४०६ ते २४१५ यांपैकी असेल तर त्यातून २४०६ वजा करायचे, की इंग्रजी अंक हाती येतो. चार ओळींचं काम. मजकूर, त्यातून फिरणारं लूप, एक अट, एक वजाबाकी. मेसेज ज्याला वेळ वाया म्हणतो ते नेमकं हेच. आणि उलट दिशेने, म्हणजे बेरीज मराठी अंकांत आणि लाखाच्या स्वल्पविरामासकट दाखवायची, तर भाषेत आधीच सोय आहे: ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ला मराठीचा संकेत दिला की ५,००,२५१ असं छान छापून येतं.

‘आधी जावा करा’ यावर फार बोलण्यासारखं नाही. नाव सारखं ठेवलं ते त्या वेळी जावाचा बोलबाला होता म्हणून. जावा शिकून विचार करण्याची सवय लागेल, ती कुठलीही भाषा शिकून लागते. पण पानावरचं बटण दाबल्यावर काय घडतं हे जावा शिकवणार नाही.

रिअ‍ॅक्टचं मात्र बरोबर आहे. नोकरीच्या जाहिरातींत ते असतं आणि शिकायलाही हवं. माझा वाद फक्त क्रमाशी आहे. रिअ‍ॅक्टचा घटक म्हणजे एक फंक्शन. त्याला दिली जाणारी माहिती म्हणजे ऑब्जेक्ट. यादी दाखवायची तर अ‍ॅरेवर ‘मॅप’, म्हणजे यादीतल्या प्रत्येकावर तेच काम. जुनीच किंमत पुन्हा पुन्हा दिसतेय अशी जी तक्रार नवखे करतात, ती बहुतेक वेळा क्लोझर (फंक्शनने जन्मताना आजूबाजूच्या किमती धरून ठेवणं) न समजल्याची असते, रिअ‍ॅक्टचा तिच्याशी फारसा संबंध नसतो. शिवाय साधनं बदलतात. २००६मध्ये जेक्वेरी आलं तेव्हा सगळे त्यावर होते. २०१०मध्ये अँग्युलर-जेएस आलं आणि त्याच्या पहिल्या पिढीचा अधिकृत आधार २०२१बरोबर संपला. रिअ‍ॅक्ट २०१३चं. या सगळ्या काळात ‘अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर’ (क्लिकसारख्या घटनांना कान लावणारं ब्राउझरमधलं फंक्शन) आहे तिथेच आहे.

दुसऱ्याच्या कोडवर किती विसंबायचं याचा एक किस्सा मार्च २०१६चा. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या सामायिक कोठारातून) काढून घेतलं आणि जगभरचे कितीतरी प्रकल्प बांधताना अडकले. त्या अकरा ओळी करत काय होत्या? मजकुराच्या डावीकडे ठरावीक लांबीपर्यंत शून्यं किंवा मोकळ्या जागा भरत होत्या. पहिल्या महिन्यातल्या विद्यार्थ्याला जमेल असं लूप. २०१७पासून भाषेतच त्यासाठी ‘पॅड-स्टार्ट’ आहे.

आणि बटण दाबलं तर काहीच होत नाही, कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका दाखवतो त्या चौकटीत) लाल अक्षरांत ‘नलचा गुणधर्म वाचता येत नाही’ अशी तक्रार, हा अनुभव कोणाला चुकलाय? बहुतेकदा कारण एवढंच की स्क्रिप्ट पानाच्या सुरुवातीलाच (हेडमध्ये) आहे आणि बटण अजून जन्मालाच आलेलं नाही. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिच्या टॅगवर ‘डिफर’ लिहिलं की ती पान वाचून झाल्यावर चालते. तसंच, वर्गणीदारांच्या साठ ओळी असतील तर साठ बटणांना साठ वेळा कान लावायचे नसतात. सगळ्या यादीला एकच लावायचा आणि क्लिक कुठून आली ते विचारायचं. उद्या एकसष्टावी ओळ आली तरी कोड बदलावा लागत नाही.

राहिला एआय. मी रोज वापरतो, खोटं कशाला बोलू. पण त्याने दिलेला कोड वाचता यायला हवा. लोकांचा अभिप्राय पानावर दाखवण्याचा कोड माझ्या हाती आला, त्यात ‘इनर-एचटीएमएल’ वापरलं होतं, जे मजकुराला पानाचा कोड समजतं. दिसायला उत्तम. पण कोणी अभिप्रायाच्या नावाखाली टॅग लिहून पाठवला तर तो वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू शकतो. तिथे ‘टेक्स्ट-कन्टेन्ट’ हवं, ते सगळं निव्वळ मजकूर म्हणून दाखवतं. हा फरक ज्याला माहीत नाही त्याला काही चुकलंय हेच दिसणार नाही.

भाचीला हे सगळं फोनवर सांगत बसलो नाही. वर्गणीचं पान एआयकडून करून घे आणि काकांच्या भूमिकेतून वापरून बघ, एवढंच म्हटलं. तिने मराठी अंक टाकले, नॅन आलं, तिने ते सांगितलं आणि कोड सुधारून मिळाला. मग तिने जे केलं ते मला सुचलं नव्हतं. काका पावतीवर लिहितात तसं तिने ‘५००/-’ लिहिलं. पुन्हा नॅन. या वेळी एआयने ‘नंबर’च्या जागी ‘पार्स-इंट’ घातलं, जे आकडा संपेपर्यंत वाचतं आणि पुढचं सोडून देतं. पाचशे बरोबर आले. बहुतेक जण इथे थांबले असते. तिने ‘१,२५१/-’ टाकून पाहिलं. पार्स-इंट स्वल्पविरामाशी थांबलं, आणि बाराशे एक्कावन्नची वर्गणी पानावर एक रुपया म्हणून जमा झाली, कुठलीही चूक न दाखवता.