‘लिफ्ट केलेल्या जुन्या पिकअपला ३३ चे टायर स्वस्तात बसवा’: या सल्ल्यात काय काय चुकतं

जुनी पिकअप उंच करून घेतलेल्या बहुतेकांच्या फोनवर हा सल्ला कधी ना कधी येऊन गेलेला असतो. थोडक्यात तो असा: लिफ्ट किट लावलंय ना, मग ३३ इंची टायर आरामात बसतात. आहेत त्याच रिमवर चढवा. नवे घ्यायची गरज नाही, नक्षी शिल्लक असलेले जुने घ्या, वय बघू नका. प्लाय (टायरच्या आतले थर) जितके जास्त तितका टायर भक्कम. स्टेपनी जुनीच चालते. आणि एवढं करून बिघडतं काय, तर फक्त स्पीडोमीटर थोडं मागे दाखवतं.

सल्ला देणाऱ्यांच्या हेतूवर मला शंका नाही. जुन्या गाडीवर पैसा जपूनच घालावा लागतो, आणि मी स्वतः याच सल्ल्यावर विसंबून एक सेट घेतला होता. पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा अर्धवट आहे आणि दोन तर जिवावर बेतणारे आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

“लिफ्ट केलं की टायर बसतो.” लिफ्टमुळे वाढते ती चाकाच्या वरची जागा. टायर मात्र बहुतेक वेळा घासतो तो स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर: पुढे बंपरच्या कोपऱ्याला, मागे मडगार्डच्या खालच्या कडेला, आत चासीला किंवा कंट्रोल आर्मला (सस्पेन्शनच्या दांड्याला). तिथे लिफ्टचा फारसा उपयोग होत नाही. तिथे टायरची रुंदी आणि रिमचा ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते) बोलतो. हे टायर विकत घ्यायच्या आधीच तपासता येतं. आहेत त्याच टायरवर गाडीचं पुढचं एक चाक मजबूत रॅम्पवर चढवा, म्हणजे त्या बाजूचं सस्पेन्शन दाबलं जाईल. मग स्टिअरिंग आधी पूर्ण डावीकडे, नंतर पूर्ण उजवीकडे न्या आणि प्रत्येक वेळी सगळ्यात कमी फट कुठे राहते ते मोजा. नवा टायर व्यासात जितका मोठा, त्याच्या निम्मी फट तो पुढे-मागे खाणार. रुंदीत जितका मोठा, त्याच्या निम्मी आत आणि निम्मी बाहेर. कागदावर वजाबाकी केली की उत्तर समोर येतं.

आणखी एक गोष्ट या सल्ल्यात कधीच नसते. सॉलिड एक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच एकसंध दांड्याने जोडलेल्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा (त्या दांड्यावरचा, चाकांना ताकद वाटून देणारा) लिफ्टने एक सूतही वर जात नाही. तो वर जातो फक्त टायरमुळे, आणि तोही व्यास वाढेल त्याच्या निम्मा. २९ इंची टायरवरून ३३ वर गेलात तर २ इंच, ३१ वर गेलात तर १ इंच. म्हणजे ३१ आणि ३३ मधला सगळा झगडा दगडावरच्या एका इंचासाठी आहे. ती उंची हवीच असेल तर अरुंद मापं बघा. २५५/८५ आर १६ हा टायर ३३ इंचच उंच आहे, पण रुंदी जेमतेम १० इंच. १२.५० रुंदीच्या टायरपेक्षा अडीच इंच कमी, वजनही कमी, आणि मडगार्ड कापायची वेळ बऱ्याचदा येतच नाही. दिसायला तो सडपातळ वाटतो, हे खरं. मला तो तसाच आवडतो.

“आहे त्या रिमवर चढवा.” इथे मात्र थांबा. ३३ × १२.५० आर १५ (उंची, रुंदी आणि रिमचा व्यास, सगळं इंचात) या मापाला साधारण ८.५ ते ११ इंच रुंदीची रिम लागते. जुन्या गाड्यांच्या मूळ रिम अनेकदा ६ किंवा ७ इंचीच असतात. तशा रिमवर टायर आवळला जातो, मधोमध फुगतो, नक्षी मधूनच झिजते, आणि वाळूत हवा कमी केली की बीड (टायरची रिममध्ये बसणारी, आत तार असलेली कडा) रिमवरून सुटण्याची भीती.

याहून कितीतरी गंभीर गोष्ट १६ आणि १६.५ ची आहे. काही जुन्या पिकअपवर १६.५ इंची रिम होत्या, आणि लष्करातून निघालेले स्वस्तातले ३७ × १२.५० आर १६.५ टायरही त्याच मापाचे. अडचण अशी की १६ चा टायर १६.५ च्या रिमवर चढतो. चढतो, पण बसत नाही. बीड ज्या कडेवर टेकते ती १६ च्या रिमवर ५ अंशांनी कललेली असते, १६.५ वर १५ अंशांनी. बीड जागेवर येत नाही म्हणून माणूस आणखी हवा भरतो, आणखी भरतो, आणि बीडची तार तुटून टायर फुटतो. असे टायर भरताना माणसं दगावली आहेत. म्हणून जुन्या गाडीची रिम तारेच्या ब्रशने घासा, त्यावर ठोकलेलं माप स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. “१६ चीच असेल” हे कोणाच्याही तोंडून ऐकून घेऊ नका.

“नक्षी आहे ना, वय बघू नका.” माझा सेट असाच आला. नक्षी इतकी खोल की बोटाचं टोक आत जायचं, टायर काळे कुळकुळीत, चकचकीत. दुसऱ्या महिन्यात हायवेवर मागून थडथड सुरू झाली. उतरून पाहिलं तर मागच्या उजव्या टायरवर वीतभर नक्षी खालच्या पट्ट्यांपासून सुटून फुगून वर आली होती. अजून पाच-दहा मिनिटं चालवली असती तर ती पूर्ण उखडली असती. त्या दिवशी पहिल्यांदा मी गाडीखाली शिरून आतल्या बाजूचा आकडा वाचला. टायर अकरा वर्षांचे होते.

तो आकडा वाचायला शिका. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३५१८ असेल तर टायर २०१८ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. शेवटी तीनच अंक असतील तर टायर २००० सालच्या आधीचा, त्याला हात लावू नका. पूर्ण आकडा बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि टायर बसवताना ती बाजू आत गेलेली असते, त्यामुळे बाहेरून दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका. काही गाडी आणि टायर कंपन्या ६ वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, तर काही जास्तीत जास्त १० वर्षांची मर्यादा देतात, नक्षी कितीही उरली असली तरी. रबर ऑक्सिजनने आतूनच कडक होत जातं. त्याला जपणारं मेण टायर चालताना दबतो-सुटतो तेव्हा पृष्ठभागावर येतं. शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टायरला तेही मिळत नाही. नक्षीच्या ठोकळ्यांच्या बुडाशी खाच फाकवून बघा, केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर तिथून निघा.

वापरलेले टायर सगळेच वाईट, असं मी म्हणत नाही. नवी गाडी घेतल्या घेतल्या कोणी तिचे टायर काढून मोठे घालतो, तेव्हा ते काढलेले टायर विकायला येतात. त्यांच्यावर रबराचे बारीक केस अजून शाबूत असतात आणि तारीख ताजी असते. खरी स्वस्ताई तिथे आहे. बंद होणाऱ्या नक्षीचा शिल्लक मालही तसाच, फक्त तारीख बघून घ्या.

“प्लाय जास्त तितका चांगला.” लोड रेंज म्हणजे टायर किती भार पेलतो त्याची श्रेणी: सी म्हणजे ६ प्लाय, ई म्हणजे १० प्लाय. पण हे आजकाल ताकदीचं माप आहे, आत तेवढे थर असतातच असं नाही. हलक्या जुन्या गाडीवर ई रेंजचा टायर जड आणि टणक पडतो, गाडी प्रत्येक खड्ड्यात उडते. भार पेलण्याचा आकडा गाडीच्या गरजेइतका असेल तर सी पुरेसा आहे. हवाही साइडवॉलवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरायची नसते. टायरवर आडवी खडूची रेघ मारा, सरळ रस्त्यावर थोडं चालवा आणि बघा. फक्त मधली रेघ पुसली तर हवा जास्त, फक्त कडा पुसल्या तर कमी. मात्र टायरच्या भार-तक्त्यात तुमच्या वजनाला जी किमान हवा दिली आहे, तिच्याखाली रस्त्यावर जाऊ नका.

“फक्त स्पीडोमीटर चुकतं.” चुकतं हे बरोबर: २९ वरून ३३ वर गेलात तर काटा ८० वर असताना गाडी ९१ ने चाललेली असते. पण तेवढ्याच प्रमाणात गिअरही लांबतात. ३.७३ गिअर-गुणोत्तराचं डिफरन्शियल ३.२८ सारखं वागायला लागतं. चढावर जुनं इंजिन धापा टाकतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो, मॅन्युअल असेल तर क्लच जळतो. पुन्हा पहिल्यासारखं करायचं तर साधारण ४.२४ च्या आसपासचा गिअर हवा, आणि फोर-व्हील ड्राइव्हमध्ये तो पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलमध्ये बदलावा लागतो. टायरवर वाचवलेला पैसा इथे जातो. ब्रेकचंही तसंच, पेडल तेवढंच दाबलं तरी जमिनीवर पोचणारं बळ सुमारे १२ टक्क्यांनी घटतं. मागे जुने ड्रम असतील तर ते लगेच जाणवतं. बॉल जॉइंट आणि बेअरिंगवरचा ताण वेगळाच. ३१ वर थांबलात तर फरक जेमतेम ७ टक्के, तो जुनी गाडी सहन करते.

स्टेपनीबद्दल एवढंच: इंजिनची ताकद मिळणाऱ्या एक्सलवर कमी व्यासाचं चाक लावलं की डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर सतत फिरत राहतात, आणि फोर-व्हील लावलं तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) पीळ बसतो. हिशोब पाच टायरचाच करा.

मला आज विचाराल तर ७ ते ९ इंची रिमवर ३१ × १०.५० आर १५, ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्चा दोन्ही रस्त्यांना चालणारी) नक्षी, सी रेंज, पाच नग. चिखल रोजचा नसेल तर मड-टेरेन नको: आवाज जास्त, ओल्या डांबरावर पकड कमी आणि झीज लवकर. १५ इंचात निवड कमी होत चालली आहे, कारण नव्या गाड्या १७ आणि त्याहून मोठ्या रिमवर गेल्या. त्यामुळे रिम बदलायचीच असेल तर बोल्टचं माप आणि ब्रेकला लागणारी जागा जुळवून वापरलेल्या १७ च्या रिम घेतलेल्या परवडतात. आणि दुकानात टायर रिमवर चढवायला घेण्याआधी पाचही टायरचे डीओटी आकडे स्वतः वाचा. एखाद्याचा दिसत नसेल तर टायर उलटा करायला लावा.