धिंड काढून झाली, आता पुढे?

सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. कुठला, कधीचा, कुणालाच माहीत नाही. कोयते नाचवून गाड्या फोडणारी पोरं लंगडत, हात जोडत भर रस्त्यातून चाललीत आणि खाली टाळ्या, 'असंच पाहिजे'. त्यातल्या एकाला धड मिसरूड फुटलेलं नाही. अठराच्या आतल्या पोराची ओळख उघड करायची नाही असा कायदा आहे, पण ग्रुपवर कायदा कोण बघतो!

याने पोरं घाबरतात असं वाटत असेल तर जरा त्यांचं इन्स्टा बघा. हाच व्हिडिओ मागे गाणं लावून स्टोरीला पडतो. बायोत ३०७, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं कलम. नव्या संहितेत ते कलम १०९ झालंय, पण भाईला जुनंच शोभतं. आपण फुकटात जाहिरात करून दिली, बास.

मी लोकमान्य नगरात वाढलो. तिथे कबड्डी घ्यायला आमचे तात्या होते. पोरगं मैदानात दिसलं नाही की तात्या सायकल काढून थेट घरी. माझ्या वर्गातल्या एकाला नाक्यावरच्या भाईने बाईक फिरवायला दिलेली, वर खिशात पैसे. तात्यांनी ना लेक्चर दिलं ना कानफटात मारली, बारक्या पोरांच्या मॅचचा पंच केलं आणि शिट्टी गळ्यात अडकवली. झालं! आता उशिरा जाऊन कसं चालेल, बारकी पोरं त्याच्याच नावाने बोंबलायची.

हो, मान्य, ज्याच्या पाठीत कोयता बसला त्याला तात्यांची गोष्ट सांगू नका, तिथे पोलीसच पाहिजेत. पण पोलिसांचंच सांगतो. १९७० आणि १९८४ ला पेटलेली भिवंडी १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना शांत राहिली, कारण तिथले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी आधीच मोहल्ला कमिट्या करून गल्लीतली माणसं पोलिसांबरोबर बसवली होती. दंगल वेगळी, गँग वेगळी, ठीक आहे. पण माणसं ओळखायचं काम तेच. आणि इथे ठाण्यात नाटककार रत्नाकर मतकरींनी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, वस्तीतली पोरं स्वतःच्या गल्लीतले विषय घेऊन नाटक करायला लागली. तेही सायकल घेऊन घरी जाण्यातलंच काम.

आता तात्यांच्या मैदानात पार्किंग आहे. आणि ज्यांच्या नावाने आज बोटं मोडताय ना, निवडणुकीत बाईक रॅलीला हीच पोरं लागतात, हंडीला टीशर्ट यांनाच, बॅनरच्या खालच्या ओळीत फोटो यांचेच, आणि केस झाली की साहेब म्हणतात आमचा कार्यकर्ता नाही. त्या साहेबांची धिंड कधी?

जाऊ दे, डोकं फिरतं. तो शिट्टीवाला आता रिक्षा चालवतो, कधी दिसला की भाडं घेत नाही, मग मीच भांडतो.

ग्रुपवर हे लिहिलं तर सेक्रेटरी म्हणाले, मग घेऊन जा त्यांना तुमच्या घरी. घरी नको काका. वस्तीकडचं मागचं गेट संध्याकाळी दोन तास उघडा, आतलं बॅडमिंटन कोर्ट तसंही रिकामं असतं. रविवारच्या मीटिंगला मी हा विषय घेतोय. टाळ्यावाल्यांनी या.