सुकट, नायट्रोजन आणि वेंगुर्ल्याच्या सरांचा आक्षेप

सर, नमस्कार. दाह (सूज, इन्फ्लमेशन) झालेल्या जागी नायट्रोजनची संयुगं प्रथिनांचं काय करतात, या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत: हवेत ७८ टक्के नायट्रोजन, श्वासाबरोबर आत जातो तसाच बाहेर येतो, प्रथिनांत तर तो मुळातच असतो, मग तो प्रथिनं बिघडवतो असं सांगून लोकांना घाबरवता कशाला? तुमच्या शेजारच्या काकूंनी म्हणे सुकट खाणं सोडलं.

आधी काकूंचं. त्यांना सुकट खाऊ दे. रक्तदाब असेल तर मिठाकडे बघावं, एवढंच. मी लिहिलं ती संयुगं ताटातून येत नाहीत, पेशींतच घडतात.

हवेतला नायट्रोजन निरुपद्रवी, हे खरंच आहे. त्याचा तिहेरी बंध आपल्या शरीरातलं कुठलंच एन्झाइम तोडू शकत नाही. पण लेख त्याच्याबद्दल नव्हता. पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतात. रक्तवाहिन्या सैल होतात त्या त्यामुळेच, आणि त्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. दाह असतो तिथे पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक तिखट रूप, तेही सोडतात. या दोघांची गाठ पडली की क्षणात पेरॉक्सिनायट्राइट नावाचं संयुग तयार होतं, आणि त्यातून निघालेला नायट्रोजन डायऑक्साइड प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लाच्या वलयावर नायट्रो गट (एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन) चढवतो.

तुम्ही विज्ञान शिकवलंत, तेव्हा प्रथिनं ओळखायची झँथोप्रोटिक चाचणी तुमच्या हाताखालून नक्की गेली असेल. अंड्याच्या पांढऱ्यात तीव्र नायट्रिक आम्ल घालून तापवलं की पिवळा रंग, अल्कली घातली की नारिंगी. तो पिवळा रंग वलयांवर बसलेल्या नायट्रो गटाचा. शरीरात असलं आम्ल नसतं, वाट वेगळी असते, पण नायट्रो गट चढलेलं टायरोसिन, म्हणजे नायट्रोटायरोसिन, तेच. आणि खरी गोम त्या नारिंगी रंगात आहे: अल्कलीत प्रोटॉन सुटतो, म्हणून तो रंग येतो. साधं टायरोसिन आपला प्रोटॉन सोडतं ते पीएच १० च्या आसपास, नायट्रो गट बसलेलं ७ च्या आसपासच. रक्ताचा पीएच ७.४. म्हणजे जिथे कुठलाच भार नव्हता तिथे ऋण भार येतो, आणि घडी घातलेल्या प्रथिनाला तो सोसेलच असं नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातलं मँगनीज सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम घ्या. त्याचं ३४ वं टायरोसिन मँगनीजच्या अगदी जवळ असतं. त्यावर नायट्रो गट बसला की एन्झाइम बंद पडतं. या एन्झाइमचं काम काय, तर सुपरऑक्साइड निपटणं! ते थांबलं की सुपरऑक्साइड साचतं, आणि पेरॉक्सिनायट्राइट आणखी वाढतं. याला बिघाड म्हणायचं नाही तर काय, सर?

मात्र आजारी ऊतींत नायट्रोटायरोसिन सापडलं म्हणून आजार त्यानेच केला, असं मी लिहिलेलं नाही. दाह तिथे होता, एवढंच त्यावरून खात्रीनं कळतं.

आणि प्रत्येक बदल म्हणजे बिघाड, असंही नाही. सिस्टीन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या गंधकावर नायट्रिक ऑक्साइड जोडला जातो, तो पेशीतलं थायोरेडॉक्सिन नावाचं प्रथिन काढूनही टाकतं. प्रथिनाचं काम तात्पुरतं थांबवायला किंवा सुरू करायला पेशी हा बदल रोज वापरतात. त्यावर मी लेखात चार परिच्छेद लिहिले आहेत. तेवढे पुन्हा एकदा वाचा, आणि त्यात रसायनाची चूक दिसली तर जरूर कळवा.