नजर परत आली ना? मग झालं तर!

एका डोळ्यापुढे अचानक अंधार आला, तर सगळ्यात आधी एक करा: कुणाला सांगू नका. येते परत नजर. आली की तोंडावर पाण्याचे हबके मारा आणि अर्धवट राहिलेला पेपर वाचायला घ्या. माझ्या दादाने हेच केलं. वरून शटर ओढावं तसा त्याचा उजवा डोळा मिटला, चारेक मिनिटांनी उघडला. घरात बातमी फुटली चौथ्या दिवशी, तीही ‘चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक’ या रूपात.

निदानाला नातेवाईक पुरेसे आहेत. उष्णता, जागरण, मोबाइल. हवं ते निवडा. मानेतल्या कॅरोटिड धमनीत साचलेल्या थराचा एखादा कण सुटून डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिनीत अडकतो, असलं काही बोलणाऱ्याला फॅमिली ग्रुपमधून काढून टाका. तोच कण पुढच्या वेळी मेंदूकडे वळला तर? शुभ बोल रे नाऱ्या!

सिगारेट सोडू नका. ‘कमी केलीय’ म्हणत राहा.

आठवड्याला 150 मिनिटं चालायचं असतं, तेव्हा सोमवारपासून नक्की. कुठल्या सोमवारपासून, ते सांगायचं नाही.

बीपीची गोळी मात्र बीपी नॉर्मल आल्या आल्या बंद करा. 128/82 आलं, ‘बघ, बरा झालो’ म्हणून मोकळे व्हा. कशामुळे आलं ते, हे विचारायचं नाही. गोळीमुळेच ना? वॉशर बदलल्यावर नळ गळायचा थांबला, तर वॉशर काढून खिशात घालता का? दादाच्या ड्रॉवरमधून मी स्ट्रिप काढली. पंधरा गोळ्यांची. चार घरं फुटलेली, अकरा गोळ्या जागच्या जागी. ‘रोज घेतली की सवय लागते’ म्हणे! दात घासायची नाही लागली सवय? ‘पण डोकं कुठे दुखतंय?’ अहो, बहुतेकांचं नाहीच दुखत! बीपी दार वाजवून येत नाही, म्हणून तर मशीन लावून बघायचं. पक्षाघाताच्या टाळता येण्याजोग्या कारणांत हे पहिल्या नंबरचं, आणि आमचे बंधुराज मशीनसुद्धा पट्टा गुंडाळताना गप्पा मारत लावतात. पाच मिनिटं शांत बसायचं, तर जिवावर येतं!

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ जड झाली, तर पांघरूण घालून झोपवा. सकाळी बघू. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. पण कुणाची झोपमोड नको.

पुरे. मला नाही जमत आता हे हसतहसत लिहायला. गेलेली नजर परत आली म्हणजे बरं झालं नाही, दादा. ती तुला मिळालेली ताकीद होती. त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं होतं. पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त, आणि ते दोन दिवस तू आमच्यासमोर हसतखेळत काढलेस! गाडीसुद्धा चालवलीस, वहिनीला शेजारी बसवून! मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर सोनोग्राफी, ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल, सगळं आज होणार. ‘एवढं काय त्यात’ हे वाक्य पुन्हा ऐकायचं नाहीये मला. आणि रात्री फोनवर ‘हो, घेतली गोळी’ असं सांगू नकोस. स्ट्रिपचा फोटो पाठव.