तिसरी पिन

आज दुपारी आमच्या गल्लीच्या टोकावरच्या रसवंतीत नवा कुलर लागला. लोखंडी पत्र्याचा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, १८ इंची पंखा, खाली टाकीत पंप. बसवणाऱ्यानं प्लग हातात घेतला, एक्स्टेन्शन बोर्डाकडे पाहिलं. बोर्डाला दोनच भोकं. त्यानं खिशातून पक्कड काढली आणि वरची जाड पिन कटकन तोडली. "चालते ना भाऊ, कुलरच तर आहे!" पिन उसाच्या चिपाडात पडली. कोणी काही बोललं नाही.

राजेहो, ती अर्थची पिन, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी. ती जाड का असते? ती ७ मिलिमीटर, बाकीच्या दोन ५. म्हणजे चुकूनही फेजच्या, करंट येतो त्या भोकात जाऊ नये. आणि लांब का? आत जाताना सगळ्यात आधी लागावी, निघताना सगळ्यात शेवटी सुटावी. करंट यायच्या आधी अर्थ जोडलेला पाहिजे, एवढा साधा हिशोब. कोणीतरी डोकं लावून केलेलं काम पक्कडीनं दोन सेकंदांत संपवलं.

वर दुकानदार म्हणतो, पंख्यावर आयएसआयचा शिक्का आहे बाप्पा, घाबरता कायले? अरे, शिक्का पंख्याचा. पत्रा एकाकडचा, पंप दुसऱ्याचा, वायर तिसऱ्याची, जोडणी चौथ्याची. कुलरसाठी आयएस ३३१५ हे भारतीय मानक आहे, घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षेसाठी आयएस ३०२ आहे, प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३ आहे. कागदावर सगळं जागच्या जागी. पण गल्लीत जोडलेला अख्खा कुलर तपासतो कोण? आणि समजा तपासला, तरी पक्कड चालते ती ग्राहकाच्या दारात. तिथे कुठला इन्स्पेक्टर येणार?

करंट कुलरच्या बॉडीत येतो कसा, तेही ऐका. टाकी आटली की पंप कोरडा फिरतो, वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापतं, त्यावरचं सील तडकतं. पुन्हा पाणी भरलं की ते थेट वाइंडिंगपर्यंत जातं. दुसरी तऱ्हा याहून जास्त दिसते. पंपाची वायर आखूड पडली म्हणून टाकीतच जोड मारलेला, वर काळी टेप. ती टेप एक उन्हाळा टिकत नाही. फेज पाण्यात, पाणी पत्र्यात. अर्थ असेल तर करंटला वाट मिळते. नसेल तर बॉडीवर २३० व्होल्ट, आणि कुलर मस्त थंड हवा देत राहतो. कोणाला काही कळत नाही. मग कोणीतरी अनवाणी येतं, हातात पाण्याचा पाइप. ओल्या अंगाचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, हजार ओहम धरला तर अंगातून २३० मिलिअँपियर करंट. जीव जायला याच्या निम्माही खूप झाला.

"आमच्याकडे एमसीबी आहे." असू दे. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. तो वायर वाचवतो, माणूस नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो, रोध चढतो. ५० ओहम झाला समजा. २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपियर. १६ अँपियरचा एमसीबी त्याला ढिम्म हलणार नाही. मेनला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर तो मात्र क्षणात उडतो. बरं, अर्थ नसेल तर तोही तुमच्या अंगातून करंट गेल्यावरच उडेल. म्हणून अर्थ आणि आरसीसीबी, दोन्ही पाहिजेत. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. बहुतेकांच्या घरी ते बसवल्या दिवसापासून कोणी दाबलेलं नसतं.

काही कारागीर तर सॉकेटमध्ये अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, वायरचा तुकडा मारतात आणि "अर्थिंग दिली" म्हणून पैसे घेतात. यांना काय म्हणावं! न्यूट्रल मागे कुठे सुटला की पंपात काही बिघाड नसतानाही स्विच चालू करताच बॉडीवर फेज.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, जवळ आला की सूचना येतात. ओल्या हातानं कुलरला हात लावू नका, प्लग काढून पाणी भरा. बरोबर आहे, पाळाच. पण सगळी जबाबदारी ओल्या हातावर ढकलून मोकळं व्हायचं? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूसाठी बनवणारा आणि विकणारा दोघांनाही जबाबदार धरता येतं. छान. पण बिलाशिवाय घेतलेल्या, नाव नसलेल्या कुलरचा बनवणारा शोधायचा कुठे?

हो, मान्य आहे, नियम नसते तर ती तिसरी पिनच नसती.

जाऊ द्या. चिडून तो कुलर सुरक्षित होणार नाही. आज-उद्या घरचा बघून घ्या. प्लग काढायचा, मग हात लावायचा. प्लगपासून बॉडीपर्यंत तीन तारांची अखंड वायर हवी. हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थची तार टोकाला लग, म्हणजे धातूची कडी, लावून, रंग खरवडलेल्या पत्र्यावर वॉशरसकट घट्ट आवळलेली हवी. पंपाची वायर टाकीच्या बाहेर, पाण्याच्या वर येऊन मगच जोडलेली हवी. फायबरचा कुलर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बॉडी प्लास्टिकची असली तरी पाण्यातून आणि मोटरमधून करंट लागू शकतो. सॉकेटचा अर्थ जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. नुसता टेस्टर लावून कळत नाही.

संध्याकाळी रसवंतीवाल्या भाऊला नवा प्लग लाव म्हटलं. बिचारा लगेच तयार झाला. तेव्हा बोर्ड उलटा करून पाहिला. आत दोनच तारा. पिन शाबूत राहिली असती तरी तिला पुढे जोडायला काही नव्हतंच. शेजारी त्याचा पोरगा अनवाणी, बर्फाच्या पाण्यात उभा राहून ग्लास विसळत होता.